गिटार सुखरूप आहे!

"मी बांधलेलं खोकं गच्चीवरून खाली टाका. आतला पेला हसत बाहेर येईल!"

हे वाक्य सांभाळरावांचं. काचसामानाच्या कारखान्यात ते पॅकिंग खात्याचे प्रमुख होते. नव्या माणसाला ते हे वाक्य पहिल्या दिवशी ऐकवत, जुन्याला दर सोमवारी आणि घरच्यांना जेवताना. त्यांना खरं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या कागदावर. दिवसभर तोंडात एकच शब्द, "सांभाळून!" त्यामुळे कारखान्याने त्यांचं सांभाळराव करून टाकलं आणि सासरच्या मंडळींनी ते आनंदाने उचलून धरलं.

त्यांचं शास्त्र चार शब्दांचं होतं. हललं ते फुटलंच, समजा! म्हणून ते कुठल्याही खोक्यात पोकळी म्हणून ठेवत नसत. लेक शाळेत होती तेव्हा तिचा डबा ते असा भरायचे की मधल्या सुट्टीत तो उघडायला दोन मैत्रिणी आणि शाळेचा शिपाई लागायचा. पण डब्यातलं काही कधी सांडलं नाही, हेही खरं.

तर अशा माणसाला पन्नासाव्या वाढदिवसाला बायकोने इलेक्ट्रिक गिटार दिली!

साधीसुधी नव्हे. बाजारातल्या वाद्यांच्या दुकानात काचेमागे टांगलेली, जिच्यासमोर सांभाळराव दर वेळी थांबायचे, चष्मा पुसायचे आणि "चला, उशीर होतोय" म्हणून पुढे निघायचे, तीच. लग्नाआधी त्यांच्याकडे एक जुनी गिटार होती. तेव्हा बायको एका ऑफिसात कामाला होती आणि संध्याकाळी तिच्या ऑफिसच्या जिन्यावर बसून ते एक धून वाजवायचे. लेक झाली, गिटार विकली गेली, पाळणा आला. त्यावर ते पुन्हा चकार शब्द बोलले नाहीत. बायकोही बोलली नाही, पण ती विसरलीही नव्हती. ऑफिसातून आल्यावर संध्याकाळी मुलांच्या शिकवण्या घेऊन तिने गुपचूप ही गिटार आणली होती.

टेबलावर लांबलचक काळी पेटी आली. गिटारीबरोबर कंपनीनेच दिलेली. दुकानदार तिला 'हार्डकेस' म्हणायचा. बायकोने कड्या उघडल्या, झाकण वर केलं. आत लाल मखमल आणि मखमलीवर मधाच्या रंगाची गिटार! बायको आणि लेक सांभाळरावांच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.

सांभाळरावांनी पेटीच्या कडीवर नखाने टकटक केलं.

"पत्रा पातळ आहे," ते म्हणाले.

"अहो, गिटार बघा ना!"

"बघतो की. आधी ही मूठ बघ. सगळा भार दोन स्क्रूंवर! आणि इथे मानेखाली आधारच नाही. हे बघ, आख्खा हात आरपार जातोय. प्रवासात मान हलणार आणि हललं ते..."

"फुटलंच, समजा," लेक म्हणाली.

"बरोबर! एवढी महागाची वस्तू आणि तिला हे असलं खोकं? म्हणजे पाहुण्याला मानाने सोफ्यावर बसवायचं आणि सोफ्याला पायच नाहीत!"

बायको तडक आत गेली. आतून भांडी आपटल्याचा आवाज येऊ लागला.

"बाबा," लेक म्हणाली, "आईने तुम्हाला गिटार दिली आणि तुम्ही पेटीला नावं ठेवलीत. निदान थँक्यू तरी म्हणालात का?"

"म्हणालो की!"

"कधी?"

सांभाळरावांनी आठवून पाहिलं. नव्हते म्हणाले. खरी गोष्ट अशी होती की गिटार दिसली त्या क्षणी त्यांचा घसा दाटून आला होता. आणि घसा दाटून आला की सांभाळराव जवळचं खोकं ओढून त्याचे कोपरे तपासायला लागत. लेक झाली त्या दिवशी त्यांनी दवाखान्यातलं औषधांचं खोकं सोडून पुन्हा बांधलं होतं. बिचाऱ्यांना दुसरा उपायच माहीत नव्हता.

ते आत गेले. ओट्याशी उभ्या असलेल्या बायकोच्या पाठीला म्हणाले, "अगं, ऐक ना. पुढच्या महिन्यात आपल्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत. समारंभाला घेतलेल्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर वाजवतो. तीच धून, जिन्यावरची!"

भांडी थांबली. "नक्की?"

"सांभाळरावचा शब्द!"

"बघा हं! नाही वाजवलीत तर त्या पेटीत तुम्हाला घालून बंद करीन."

सांभाळराव कामाला लागले. रोज सरावाला बसत. बोटं आखडली होती, पण हळूहळू धून ओळखीची वाटू लागली. अडचण एवढीच होती की गिटारीवर एक तास गेला तर पेटीवर दोन जात. एकदा तर त्यांनी थेट दुकानदारालाच फोन लावला.

"बोला साहेब! कशी वाजते गिटार?"

"गिटार झकास आहे. मी कडीबद्दल बोलतोय. किती किलोचा झटका सोसेल?"

"साहेब, पेटी गिटारीबरोबर फुकट येते."

"म्हणून काय झालं? जावई फुकट येतो म्हणून त्याला रद्दी पेपरात गुंडाळता का तुम्ही?"

दुकानदाराला हा हिशेब जमला नाही. त्याने फोन ठेवला. सांभाळरावांनी बाह्या सरसावल्या. कंपनीला जमत नसेल तर पेटी आपणच धड करायची! मानेखाली जाड फोम बसला. दोन्ही बाजूंना फोम बसला. झाकणाला आतून फोम बसला. मखमल दिसेनाशी झाली.

समारंभाच्या दिवशी सकाळी सगळं झालं होतं. गिटार मऊ चादरीत गुंडाळून पेटीत ठेवली होती. पण सांभाळरावांना काठावर एक फट दिसली. केसाएवढी!

"इथून धूळ जाणार," ते म्हणाले आणि कारखान्यातून आणलेला गोंद काढला.

हा गोंद साधा नव्हता. कारखान्यात एकदा एका सुपरवायझरची टोपी त्याने टेबलाला चिकटली होती. ते टेबल आजही टोपीसकट वापरात आहे. सांभाळरावांनी झाकणाच्या काठाला फोमची पट्टी लावली, सढळ हाताने गोंद लावून लावली, झाकण बंद केलं आणि कड्या घातल्या. पट्टी नीट दबायला वर वजन हवं होतं. वजन समोरच चहा पीत बसलं होतं. समारंभासाठी आदल्या दिवशीच मुक्कामाला आलेले सासरे!

"मामा, जरा या पेटीवर बसता का?"

"का हो जावईबापू? खुर्च्या कमी पडल्या का?"

"पट्टी दाबायचीय. पाच मिनिटं."

सासरे बसले. हातात पेपर होता. सासऱ्यांना पेपर पहिल्या पानावरच्या तारखेपासून शेवटच्या पानावरच्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायची सवय. मध्ये त्यांना एक डुलकीही लागली. ते उठले तेव्हा जेवणाची वेळ झाली होती.

सांभाळरावांनी पेटी कानाशी धरून जोरजोरात हलवली. आत हूं नाही की चूं नाही. त्यांनी समाधानाने डोळे मिटले. "आता ही गच्चीवरून टाकली तरी चालेल!"

संध्याकाळी हॉल भरला. बायकोने निळी साडी नेसली होती आणि ती सारखी पेटीकडे बघत होती. मेहुण्याने स्पीकर लावले, माइक हातात घेतला आणि जाहीर केलं, "आता आमचे भावजी, पंचवीस वर्षांनी, ताईसाठी!"

टाळ्या! सांभाळराव ऐटीत मंचावर बसले. पहिली कडी, टक्. दुसरी, टक्. तिसरी, टक्. त्यांनी झाकण उचललं.

झाकण उचललं गेलं नाही. आख्खी पेटीच वर आली.

सांभाळराव हसले. लोकही हसले. त्यांनी पेटी खाली ठेवली, गुडघ्यात धरली आणि पुन्हा ओढलं. मग बोटं घालायला फट शोधली. फट कुठे असणार? ती तर त्यांनी स्वतःच सकाळी बुजवली होती!

"भावजी, कडी राहिलीय का एखादी?" मेहुणा कानात म्हणाला.

"कड्या उघड्या आहेत. गोंद..." सांभाळरावांचा चेहरा पांढरा पडला. "गोंद पट्टीतून उतरून खालच्या काठालाही चिकटलाय."

एका बाजूने मेहुणा, दुसऱ्या बाजूने सासरे, मध्ये सांभाळराव. "एक, दोन, तीन, ओढा!" काड्कन आवाज झाला आणि सासरे पेटीची मूठ हातात घेऊन मागच्या खुर्चीत जाऊन बसले.

"बघा!" सांभाळराव आनंदाने ओरडले. "मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं! दोन स्क्रू!"

मग लक्षात आलं की हा आनंदाचा प्रसंग नाही.

तेवढ्यात उशिरा आलेले एक काका पहिल्या रांगेत स्थानापन्न झाले. त्यांनी मंचावर काळी पेटी पाहिली, भोवती घाम पुसणारी माणसं पाहिली आणि शेजाऱ्याला मोठ्याने विचारलं, "जादूचे प्रयोग का? आत कोण आहे?"

"आत कोण आहे?" सगळी लहान मुलं मंचाकडे धावली.

"करवत कधी काढणार?" काकांनी विचारलं.

हॉलचा रखवालदार दारात उभा होता. त्याने 'करवत' एवढंच ऐकलं. माणूस तत्पर! मिनिटभरात कोठीतली करवत घेऊन तो मंचावर हजर झाला.

"सांभाळून!" सांभाळराव किंचाळले आणि पेटीवर आडवे पडले. "आत गिटार आहे! आधी मला कापा!"

काकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. "वा! काय अभिनय आहे!"

हॉल खो खो हसत होता. फक्त एक माणूस हसत नव्हतं. बायको मंचावर आली आणि पेटीशेजारी जमिनीवर बसली.

"राहू द्या," ती हळू आवाजात म्हणाली. "वाजवायचं नव्हतं तर तसं सांगायचं होतंत. एवढं सगळं कशाला?"

सांभाळराव उठून बसले. सवयीने त्यांनी पेटीचे कोपरे बघितले. चारही कोपरे पक्के होते. तपासायला काहीच उरलं नव्हतं.

"तसं नाही गं," ते म्हणाले. "वाजवायचं होतं. महिनाभर वाजवतोय. त्या दिवशी गिटार बघितली ना, मला बोलताच येईना. मी काचेसमोर थांबायचो ते तुला दिसायचं, हेच मला माहीत नव्हतं. तू दमून घरी यायचीस आणि परत शिकवण्यांना बसायचीस, माझ्यासाठी. रडू आलं असतं, म्हणून कडी बघत बसलो. पण थँक्यू म्हणायचं होतं. गिटारीसाठी आणि... सगळ्यासाठीच."

आपला आवाज एवढा घुमतोय कसा, हे त्यांना कळेना. मग दिसलं की मेहुण्याच्या हातातला माइक चालू होता आणि तो त्याने चुकून त्यांच्या तोंडासमोर धरला होता. आख्खा हॉल ऐकत होता.

बायकोने पदराने डोळे टिपले. "पंचवीस वर्षांत पहिल्यांदा," ती म्हणाली, "तुम्ही मला काहीतरी गुंडाळल्याशिवाय दिलंत." आणि मग रखवालदाराकडे वळली. "आणा ती करवत इकडे."

"अगं, पेटी..."

"पेटी गेली खड्ड्यात! कुठून कापू ते सांगा."

सांभाळरावांनी बिजागरीच्या बाजूला बोट ठेवलं. त्यांना वाटलं होतं, अर्धा तास तरी लागेल. पण चार-सहा हिसक्यांतच करवत आरपार गेली आणि झाकण निघून आलं. वरून काळी कुळकुळीत दिसणारी ती पेटी आतून निव्वळ पुठ्ठ्यासारखी होती. एवढी महागाची गिटार आणि कंपनीने असली पेटी द्यावी! सांभाळरावांनी जन्मात पहिल्यांदा हलक्या मालाचे मनापासून आभार मानले.

चादर सुटली. मधाच्या रंगाची गिटार दिव्यांत चमकली. सांभाळरावांनी ती सगळीकडून निरखली आणि विजयी हात उंचावला.

"गिटार सुखरूप आहे! एक ओरखडा नाही!"

"द्या वायर, स्पीकरला जोडतो," मेहुणा म्हणाला.

"वायर पॅक केलीय."

"कुठे?"

"अगदी सुरक्षित जागी."

"हो, पण कुठल्या?"

सांभाळरावांनी सगळे खिसे चाचपले. जागा इतकी सुरक्षित होती की त्यांनाही आठवेना.

वायरशिवाय इलेक्ट्रिक गिटार म्हणजे डास गुणगुणल्याएवढा आवाज. मेहुण्याने घाईने माइक पुढे केला, पण बायकोने तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि बंद केला.

"जिन्यावर कुठे होता माइक?" ती म्हणाली आणि सरकून गिटारीला कान लावून बसली.

सांभाळरावांनी ती धून वाजवली. पहिल्या रांगेला तारांची किणकिण तेवढी ऐकू आली, मागच्या रांगांना तेवढीही नाही. त्यांना फक्त एक हलणारा हात आणि डोळे मिटून हसणारी बायको दिसत होती. तरी कुणी जागचं हललं नाही. धून संपली तेव्हा सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. "अप्रतिम!" जादूवाले काका म्हणाले. सासऱ्यांनी पेटीची मूठ हवेत फिरवली.

टाळ्यांच्या गदारोळात सांभाळराव बायकोच्या कानाशी वाकले.

"खरं सांग. किती ठिकाणी चुकलो?"

"चार."

"अरे देवा! चार?"

"काळजी करू नका," बायको म्हणाली. "एकही चूक बाहेर पडली नाही. पॅकिंग उत्तम होतं!"