शांत जागा

जागा शोधावी तर सीत्से तालस्मानं! असं सीत्सेचं स्वतःचं मत होतं, आणि त्या वर्षीच्या वसंतात ते त्यानं बायकोला इतक्या वेळा ऐकवलं की हिल्ये शेवटी म्हणाली, "ठीक आहे, मान्य. आता बटाटे सोल."

लेकीचं लग्न परदेशात, हॅम्बुर्गला होतं. नीन्के तिकडेच नोकरी करायची आणि तिकडच्याच यॉर्न नावाच्या मुलाशी लग्न करत होती. यॉर्नच्या आईवडिलांचं घर चांगलं ऐसपैस होतं. त्यांनी फोन करून, पुन्हा फोन करून, आग्रहानं कळवलं होतं की तुम्ही आमच्याकडेच उतरा. झोपायला खोली आहे, सकाळी सगळे मिळून नाश्ता करू.

सगळे मिळून नाश्ता! एवढं ऐकूनच सीत्से पळवाट शोधू लागला. जन्मभर आपल्या गावच्या, ड्राख्तनच्या, वाचनालयात काम केलेला माणूस. पुस्तकांशी त्याचं उत्तम जमे, ती घेऊन जाणाऱ्यांशी बेताचं. परक्या घरी, परक्या भाषेत, अंड्याचं टोक फोडता फोडता चारचौघांशी हवापाण्यावर बोलायचं, यापेक्षा त्यानं दाढ उपटून घेतली असती.

"आपलं चाकांवरचं घर, कारवान, आहे की," तो म्हणाला. "कॅम्पिंगला उतरू. मी शोधतो जागा."

आणि त्यानं शोधली. शहरापासून तासाभराच्या अंतरावर, हीथच्या, म्हणजे जांभळ्या फुलांच्या झुडपांच्या, माळावर. तिची थोरवी तो बायकोला रोज रात्री सांगे. हमरस्ता लांब, म्हणजे ट्रकचा आवाज नाही. रेल्वेचे रूळ त्याहून लांब. बस तर येतच नाही. मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे शेजारी कोणी केकाटत बसणार नाही. आणि यावर कळस म्हणजे दुपारी एक ते तीन सक्तीची विश्रांती. बॉल खेळायचा नाही, हातोडी वाजवायची नाही, फाटक बंद, एकही मोटार हलणार नाही.

"एकही मोटार नाही, हिल्ये," तो हात चोळत म्हणाला. "याला म्हणतात संस्कृती."

आता दोष द्यायचाच तर इथे देता येईल. मोटार म्हणजे दुसऱ्याची मोटार, असं तो धरून चालला होता. आपल्याही गाडीला चार चाकं आहेत, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. अर्थात असं कुणाच्या डोक्यात येतं, हेही मला नीटसं सांगता येणार नाही.

लग्न शुक्रवारी दुपारी अडीचला, नगरभवनात. नीन्केनं वडिलांकडे एकच मागणं मागितलं होतं. "बाबा, भाषण नको, भेट नको. तू फक्त खाली पायऱ्यांशी उभा राहा आणि माझा हात धरून मला वर ने. जमेल?" सीत्सेनं फोनवर नुसती मान हलवली होती. ती तिला दिसली नाही, तरी तिनं ओळखली.

गुरुवारी ते पोचले. जागा खरोखर शांत होती. पुढच्या ओळीत कायम मुक्कामाची मंडळी, दर उन्हाळ्यात तिथेच राहणारी. त्यांच्या कारवानींभोवती गुडघाभर उंचीची कुंपणं आणि मातीचे लाल टोपीवाले बुटके. मालकीणबाई फ्राऊ ब्रामर कापडी सपाता घालून हिंडायच्या, म्हणजे येताना कळायच्या नाहीत. त्या सीत्सेशी कुजबुजत बोलल्या, सीत्से त्यांच्याशी कुजबुजत बोलला. दोघांनाही एकमेकांबद्दल फार आदर वाटला.

शुक्रवारी हिल्ये बारालाच नटूनथटून तयार. "निघू या," ती म्हणाली.

"इतक्या लवकर? तिथे जाऊन करायचं काय? व्याह्यांशी गप्पा मारत उभं राहायचं?"

"सीत्से, लग्न आहे. लोक गप्पा मारतात."

"एकला निघू. अगदी वेळेवर पोचतो."

गावच्या चर्चमध्ये एकचा टोला पडला तेव्हा गाडी फाटकापासून हाकेच्या अंतरावर होती. फ्राऊ ब्रामर फाटकाच्या दांड्याला हात लावून उभ्या होत्या. त्यांनी गाडी पाहिली. गाडीतला काळा सूट पाहिला, हिल्येची पिसांची टोपी पाहिली. आणि शांतपणे दांडा खाली घेतला.

सीत्सेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो उतरला. पण करणार काय? विश्रांतीची वेळ सुरू झालेली. भांडायचं तेही कुजबुजत!

"माझ्या मुलीचं लग्न आहे," तो कुजबुजला.

"अभिनंदन," फ्राऊ ब्रामर कुजबुजल्या. "तीन वाजता उघडेन."

"अडीचला लग्न आहे!"

"श्श्."

हे श्श् त्याच्या वर्मी लागलं. हेच अक्षर जन्मभर त्यानं दुसऱ्यांच्या तोंडावर मारलं होतं. मुलांच्या, म्हाताऱ्यांच्या, एकदा तर नगराध्यक्षांच्या! ते परत कधी आपल्या तोंडावर येईल आणि इतकं झोंबेल, याची त्याला कल्पना नव्हती. त्यानं बाईंना समजावलं, विनवलं, नियम माणसांसाठी असतात हे सांगितलं. त्या म्हणाल्या, बरोबर, आत झोपली आहेत तीच माणसं. रागानं त्याच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या आणि तोंडातून आवाज मात्र फुग्यातली हवा जावी तसा.

हिल्ये खिडकीतून बघत होती. "टॅक्सी बोलाव," ती म्हणाली. रेंज नव्हती. "मग बस?" बस नव्हती. "स्टेशन?" ते पार माळापलीकडे. सायकली होत्या, पण या झग्यात तिनं सायकल मारली असती तर लग्न उरकून जोडप्याला पहिलं मूल झाल्यावर ते पोचले असते. एकेक गुण त्यानं निवडून निवडून घेतला होता. आता ते सगळे गुण फाटकापाशी हारीनं उभे राहून त्याला वाकुल्या दाखवत होते.

"शाब्बास," हिल्ये म्हणाली. तीस वर्षांच्या संसारात तिनं इतकं टोचून काही म्हटलं नव्हतं. "तुला व्याह्यांशी दोन वाक्यं बोलायची नव्हती ना? आता लेकीशीच बोलायची सोय राहिली नाही. ती उभी असेल पायऱ्यांशी. एकटी."

सीत्सेला पायऱ्या दिसल्या, नीन्के दिसली. पुढे जे झालं ते त्याच्या हातून कसं झालं, हे त्याला अजून सांगता येत नाही. तो गाडीत बसला, काच खाली केली आणि तळहात हॉर्नवर ठेवला.

"मी वाजवीन," तो कुजबुजला.

फ्राऊ ब्रामरांचा चेहरा पांढराफटक पडला. "नाही वाजवणार."

"लांबलचक वाजवीन. तीन वाजेपर्यंत."

त्या हाताकडे बघत राहिल्या. गाडी घेतल्यापासून सीत्सेनं हॉर्न वाजवला नव्हता. तो चालतो की नाही हेही त्याला ठाऊक नव्हतं. पण त्याच्या डोळ्यांत असं काही होतं की बाईंना ते खरं वाटलं. तेवढ्यात पहिल्या कुंपणामागचा पडदा हलला. मग दुसऱ्यामागचा. पायमोज्यांवर, बनियनवर, एकेक मंडळी बाहेर आली. सगळ्यांत पुढे हेर, म्हणजे श्रीयुत, वुल्फ नावाचे थोराड पोटाचे गृहस्थ, ज्यांच्या अंगणात बुटक्यांची अख्खी पलटण होती. त्यांनी ओठांवर बोट ठेवून दोन्ही बाजू ऐकून घेतल्या.

"बाई," ते हळूच म्हणाले, "नियम इंजिनाच्या आवाजाबद्दल आहे. इंजिन चालूच केलं नाही तर?"

फ्राऊ ब्रामर विचारात पडल्या. नियमात खोट निघाल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "पण फाटक," त्या म्हणाल्या. "फाटक उघडताना कुरकुरतं."

सीत्से कारवानीकडे धावला आणि सायकलच्या तेलाची कुपी घेऊन आला. काळ्या सुटात, पांढऱ्या कफांत, तो फाटकाच्या बिजागरीला तेल घालू लागला. निम्मं तेल बिजागरीत गेलं, निम्मं त्याच्या बोटांवर. दांडा वर गेला. मुंगीला ऐकू जाईल एवढाही आवाज झाला नाही.

मग हिल्ये स्टिअरिंगला बसली आणि बाकीच्यांनी गाडी ढकलली. असं मिरवणुकीसारखं काही त्या माळानं कधी पाहिलं नसेल. पाच-सहा म्हातारे बनियनवर, एक बाई केसांत कुरळे करायचे रोलर गुंडाळलेल्या, मध्ये पिसांची टोपी, आणि कुणाच्या तोंडून चकार शब्द नाही. हेर वुल्फ धापा टाकत होते तेही नाकानं.

फाटकाबाहेर उतार होता. सीत्से उडी मारून आत बसला, गाडी घरंगळत खाली गेली, वळणापाशी इंजिन लागलं. सुटलो, असं म्हणून त्यानं डोळे मिटले.

आणि हिल्येनं कोपर हॉर्नवर टेकवलं.

हॉर्न चालत होता. दणदणीत चालत होता. हीथमधून दोन तितर उडाले, वरच्या बाजूला कुत्री भुंकायला लागली, आणि हिल्येनं खालच्या पुलापर्यंत कोपर उचललं नाही.

"हिल्ये!"

"तू वाजवणार नव्हतास," ती म्हणाली. "मला माहीत होतं. कुणीतरी वाजवायला हवा होता."

ते पोचले तेव्हा नगरभवनाच्या पायऱ्यांवर नीन्के एकटीच उभी होती. बाकीचे वर गेले होते. विवाहाची नोंद करणाऱ्या बाईंनी पाच मिनिटं थांबायचं कबूल केलं होतं, आणि ती पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.

"मला वाटलं, वाचता वाचता निघायचं विसरलास," ती म्हणाली.

सीत्सेनं हात पुढे केला आणि मागे घेतला. पाचही बोटं काळी. "तेल आहे," तो पुटपुटला. "सायकलचं."

नीन्केनं त्याचा हात ओढून आपल्या फिकट निळ्या बाहीवर ठेवला. "चल," ती म्हणाली. लग्नाच्या सगळ्या फोटोंत त्या बाहीवर चार काळी बोटं आणि एक अंगठा आहे. यॉर्नची आई दर वेळी बाहीवरचे डाग घालवायचं औषध सुचवते. नीन्के ऐकत नाही.

इथे गोष्ट संपली असती तर सीत्सेची काही हरकत नव्हती. पण जेवण झालं, नाच झाला, आणि ते माळावर परतले तेव्हा फाटक बंद होतं. रात्रीची विश्रांतीची वेळही असते. तीही त्यानं हिल्येला कौतुकानं वाचून दाखवली होती. कचेरीच्या खिडकीत दिवा होता. फ्राऊ ब्रामर आत उभ्या होत्या. त्यांनी गाडी ओळखली. दुपारचा हॉर्न कुणाचा, हेही ओळखलं असणार. मग त्यांनी दिवा मालवला.

सीत्सेनं हॉर्नकडे पाहिलं. हिल्येनं सीत्सेकडे पाहिलं. मग त्यानं निमूटपणे गाडी मागे घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो व्याह्यांच्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसला होता. अंगात डेटलेफचा, म्हणजे व्याह्यांचा, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. कमरेत आणखी एक सीत्से मावेल एवढा. भोवती यॉर्नचे काका, माम्या, आत्या, शेजारी. समोर अंडं. सगळे मिळून नाश्ता!

"काय हो," डेटलेफ मनापासून म्हणाले, "आमच्याकडे उतरायचं सोडून एवढ्या लांबची कॅम्पिंगची जागा शोधलीत. कशी आहे?"

हिल्येनं कॉफीचा कप तोंडापुढे धरला; तो हसण्यानं हलत होता. सीत्से अंड्याकडे बघत हळूच काहीतरी बोलला.

टेबलाच्या टोकाला यॉर्नची नव्वदीची आजी बसली होती. तिनं कानाशी हात नेला. "काय म्हणाले? मोठ्यानं बोला जरा! कालपासून बघतेय, नुसते कुजबुजतात!"

कालपासून साठलेलं सगळं सीत्सेच्या घशाशी आलं.

"शांत आहे!" तो इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या घरातल्या कुणीतरी धाडकन खिडकी लावून घेतली.