दळवीकाका आणि आमची कपाटं

दळवीकाकांच्या स्वयंपाकघरात लाटणं उचललं की मागे भिंतीवर पिवळ्या ऑइलपेंटमधलं लाटणं उरतं. उलथनं, किसणी, कात्री, सगळ्यांच्या अशा आकृत्या आखलेल्या. काका चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका वर्कशॉपचे स्टोअरकीपर होते. तिथल्या फळ्यावर प्रत्येक पान्याची आकृती असायची, पाना जागेवर नसला की लांबूनच कळायचं. रिटायर होताना काका ही सवय घरी घेऊन आले.

"भांडण माणसांचा नसता रे, जाग्याचा असता," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लग्नं स्वभाव जुळत नाहीत म्हणून नाही, तर नेलकटर सापडत नाही म्हणून मोडतात, असं ते मनापासून मानतात.

याला कारण होतं. काकू जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या वर्षी अनिकेतचं, त्यांच्या मुलाचं, लग्न झालं आणि त्या वन रूम किचनमध्ये सून आली. चारच महिन्यांत सायलीने "वेगळं घर बघू या" म्हटल्याचं सगळ्या मजल्याला कळलं. आमच्या भिंती पातळ आहेत. काकांनी त्याच आठवड्यात पिवळा रंग आणला. मुलगा-सून घरात टिकावीत, एवढा एकच ध्यास.

स्वतःचं घर पंधरा दिवसांत लावून झालं आणि काका शेजारी, म्हणजे आमच्याकडे वळले. रोज संध्याकाळी सातला बेल. हातात टेप, कानावर पेन्सिल.

आमच्याकडे सकाळी किल्लीवरून निघालेलं भांडण साडेआठपर्यंत माझ्या आईवर जाऊन पोचायचं. काकांनी दाराशेजारी किल्लीची आकृती काढली, वर खिळा ठोकला. आठ दिवसांत भांडण बंद. इतकी वर्षं मी उगाच आमच्या पत्रिकांना दोष देत होतो. बायको, मेधा, मात्र थोडी हिरमुसली. "सकाळी बोलायला काही राहिलंच नाही यार," म्हणाली.

काकांचे नियम पक्के. रोजचं कमरेच्या उंचीवर, सणासुदीचं माळ्यावर. "आणि ज्याच्यावरून वाद होतत, ता दुसऱ्याच्या खणात." त्यामुळे माझे नऊ जुने चार्जर मेधाच्या ताब्यात गेले आणि तिचे श्रीखंडाचे रिकामे डबे माझ्या शर्टांखाली आले. दोघांनाही तोंड उघडायची सोय राहिली नाही.

खरं सांगतो, मला वैताग यायला लागला होता. ऑफिसातून येऊन चहा घेत पाय पसरावेत, तर काका समोर माझे मोजे रंगाप्रमाणे लावत बसलेले.

शेवटी एके दिवशी आमचं घर लावून संपलं. काकांनी सगळे खण उघडून पाहिले, माळ्यावर डोकावले, बाथरूममधल्या ब्रशांवर नजर टाकली. सगळं जागच्या जागी. "बरा, येतंय मग," म्हणून ते निघाले. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

अर्ध्या तासाने दही आणायला खाली उतरलो, तर काका मीटरच्या खोलीबाहेरच्या कट्ट्यावर बसलेले. एकटेच.

"घरी नाही गेलात?"

"नव वाजता जातंय."

"का? काही झालं का?"

"काय होवचा हा? दोघां सातक कामावरसून येतत. मी खुर्चेर बसलंय की दोघां गप टीव्ही बघतत. नवीन लग्न, त्यांका जरा बोलूक, हसूक नको?" काका टेपची पट्टी ओढत आणि सोडत होते. "सगळा घर लावून बघितलंय. माझीच अडचण होती. म्हणान सात ते नव मी भायर. आता तीन म्हयने सुनेन वेगळ्या घराचो विषय काढूक नाय."

"त्यांना माहीत आहे?"

"त्यांका वाटता, तुमच्याकडे माझा काम असता."

मला फार वाईट वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली. वर चला म्हणालो, पण काका आले नाहीत. काम नसताना कोणाच्या घरात बसणं त्यांना जमत नाही. मी दही न घेताच वर आलो आणि मेधाला सांगितलं. ती इतकंच म्हणाली, "उद्या लवकर ये."

दुसऱ्या दिवशी पावणेसातला तिने कपाटाचा मोठा खण ओढला आणि सरळ जमिनीवर पालथा केला. "बघत काय बसलास? मसाल्यांच्या बरण्या काढ, सगळ्यांची झाकणं बदल." मी झाकणं बदलली. चार्जर चमच्यांत घातले. मोजे माळ्यावर, पोळपाट पलंगावर. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं एवढे हसलो.

सातला बेल वाजली. दारात काका, पण हातात टेप नव्हती, फक्त शिळा पेपर परत द्यायला आले होते. त्यांनी आत नजर टाकली आणि कपाळावर हात मारला.

"काका, वाट लागलीय घराची," मेधा म्हणाली.

काकांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं.

"ह्या काय नवाच्या आत आटपाचा नाय," ते म्हणाले, आणि चपला काढून आत आले.