भट्टी ओढून आणिल्यावर गाडी गुरगुरू लागली, ते समयीची हकीकत

वाचणारांची गाडी सदैव चालती राहो. मोठमोठ्या लढाया लिहिणारे पुष्कळ जाहले, परंतु सायलेन्सराखाली उताणे पडोन ज्यांनी शर्थ केली त्यांचे स्मरण कोणी ठेविले नाही, ही उणीव जाणोन हा मजकूर लिहिला आहे.

थोरल्या ताईसाहेब दातांच्या कवळ्या घडवीत. हातास बहुत सफाई, जिव्हेस त्याहून धार. धाकट्या भगिनी मातीची भांडी करीत. उभयतांत वितुष्ट पडिले त्याचे कारण ऐसे की, धाकटीचे प्रदर्शनात थोरलीने एक पात्र उचलोन, हा वाडगा की सिगारेटची राख झाडावयाचे भांडे, ऐसा सवाल चारचौघांत केला; आणि धाकटीनेही जबाब दिला की, ताई साऱ्या जगास हसावयास दात पुरविते, स्वतः मात्र हसत नाही. मग बोलणे खुंटले आणि दोन्हीकडील फोन मुके जाहले.

पुढे धाकटीने भांडी भाजावयाची नवी भट्टी घेतली ती डोंगरापलीकडील गावी, आणि ट्रेलर ओढावयाचा आकडा साऱ्या गोतात एका थोरलीचेच गाडीस. तेव्हा धाकटीने अभिमान गिळोन फोन केला. थोरलीने "बरं, आणू," इतके दोनच शब्द खर्चिले. परंतु फोन ठेविल्यावर स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवीत गुणगुणत राहिल्या.

मोहिमेची सरदारी ताईसाहेबांचे यजमानांकडे. हे गृहस्थ घरातील प्रत्येक नळ, पंखा व दाराची कडी पाना लावोन स्वहस्ते उघडोन पाहिलेले, म्हणोन गल्लीत पानेबहाद्दर या किताबाने मशहूर. त्यांनी ट्रेलर जोडिला, त्याचे दिव्यांची वायर भुईवर लोळत होती ती निळ्या दोरीने गाडीखाली बांधोन टाकिली, आणि "आता मागे हत्ती जोडा, काही होत नाही," ऐसे जाहीर केले. मग भट्टी डोंगर चढोन, डोंगर उतरोन, धाकटीचे फाटकात मोठे वळण घेऊन अंगणी सुखरूप दाखल जाहली, आणि पानेबहाद्दरांनी ट्रेलर सोडवोन दोरी कापिली.

दुसरे दिवशी ताईसाहेबांनी किल्ली फिरविली तो गाडीने ऐसी डरकाळी फोडिली की, कबुतरे उडाली आणि समोरचे निवृत्त न्यायाधीश चहाचा कप हाती घेऊन कुंपणापाशी आले. चाकापुढील फलकावर इंजिनाचे दुखणे सांगणारा पिवळा दिवा लागला. पेट्रोलचा वास सुटला. चढ येताच गाडीचा दम गेला, आणि एक सायकलस्वार बाजूने पुढे निघोन गेला, इतकेच नव्हे तर त्याने मागे वळोन काळजीने पाहिले. हा घाव ताईसाहेबांचे जिव्हारी लागला.

गॅरेजचे मालकांनी फोनवरोनच निदान सांगितले की, ओझे झेपले नसावे, इंजिन खोलावे लागेल. पानेबहाद्दर उद्गारले, "मी म्हणतच होतो, भट्टी फार जड आहे." (ते ऐसे कधीच म्हणाले नव्हते.) ताईसाहेबांचा पारा चढला. धाकटीस काय काय सुनवावे याची मनात जुळवाजुळव करोन त्यांनी फोन उचलिला, तो हातातच वाजला.

"ताई, दाजी म्हणाले गाडी बंद पडतेय. खरं सांग, माझ्या भट्टीपायी झालं का गं?"

लहानपणी कपाट पाडिले तेव्हा हाच आवाज पलंगाखालून आला होता. ताईसाहेबांचा सारा दारूगोळा जागीच ओला जाहला.

"अजून काही कळलं नाहीये," त्या म्हणाल्या. "तू ये. दोघी मिळून बघू."

धाकटी आली. मग मोकळ्या अंगणात, थंड गाडी लोखंडी रॅम्पवर चढवोन, चाकांस विटांची अडण लावोन, मोर्चे वाटिले गेले. धाकटी चालकाचे आसनी. पानेबहाद्दर मागे, धुराड्याचे तोंडी ओल्या फडक्याचा बोळा दाबोन, की धूर मागून न निघता जिथे फट असेल तिथून फुटावा. आणि खासा ताईसाहेब गाडीखाली, एका हाती साबणपाण्याचा ब्रश व दुसरे हाती दातांमागे पाहावयाचा लहानसा आरसा. हुकूम सुटला, इंजिन सुरू जाहले. ताईसाहेबांनी धुराचे नळीचे सांधे एकामागोन एक माखिले. पहिला निमूट राहिला. दुसराही राहिला. तिसऱ्यावर ब्रश फिरताच ऐसा फेस उसळला की नाकापर्यंत आला.

"फुगे! अगं, फुगे येतायत!"

सांध्याचे बोल्ट ढिले, मधले फट बुजविणारे गॅस्केट फाटके. शेजारीच धूर तपासणारा सेन्सर. सांध्यातून बाहेरची हवा घुसे, तेणेकरोन हा सेन्सर फितूर जासुदासारखी खोटी खबर इंजिनास देई, आणि इंजिन बिचारे विश्वासाने भलतेच पेट्रोल पीत बसे. वजनाचा काही एक संबंध नाही. मग नळी ओढिली कोणी? ताईसाहेबांनी आरसा किंचित फिरविला. नळी जिला टांगलेली त्या कडीस एक निळी गाठ होती.

"अहो," गाडीखालून आवाज आला, "ही वायर तुम्ही कशाला बांधली होती?"

"हाताला लागली त्या कडीला. का?"

म्हणजे फाटकातील वळणावर ट्रेलरचे वायरीसवे दोरी ताणली आणि नळी सांध्यातून उचकटली. हे ध्यानी येताच पानेबहाद्दरांचा हात सैल पडला, त्याच क्षणी हसण्याचे उबळीने धाकटीचा पाय ॲक्सिलरेटरवर पडला, आणि बोळा तोफगोळ्यासारखा सुटोन, कुंपण ओलांडोन, थेट पलीकडे मौज पाहात उभ्या न्यायाधीशांचे चहात उतरला. त्यांनी तो चिमटीत धरोन वर काढिला, पानेबहाद्दरांकडे पाहिले, आणि एकच शब्द उच्चारिला.

"दोषी."

धाकटी स्टिअरिंगवर डोके टेकोन हसली. ताईसाहेब फेसाळल्या नाकाने गाडीखाली इतक्या हसल्या की त्यांस पायास धरोन बाहेर ओढावे लागले.

पानेबहाद्दर पायी जाऊन गॅस्केट घेऊन आले. ते ताईसाहेबांनी बसविले, बोल्ट आवळिले, निळी गाठ धाकटीने दातांनी सोडविली. पिवळा दिवा हट्टी, तो लांबची दौड केल्याविना मावळेना, म्हणोन उभय भगिनी डोंगराकडे निघाल्या. गाडी चढावर हुंकारही न देता चढली, आणि माथ्यावर दिवा विझला. दोघी ऐशा किंचाळल्या की रस्त्याकडेची म्हैस उठोन उभी राहिली.

बहुत काळाने प्रथमच दोघी शेजारी बसल्या होत्या आणि भांडावयास काही उरले नव्हते.

"आता परत वळायचं का?" धाकटीने विचारले.

"कशाला?" म्हणोन ताईसाहेबांनी गाडी पलीकडचे उतारास घातली.

येणेप्रमाणे सायलेन्सर काबीज जाहला, भट्टी निर्दोष ठरली, पानेबहाद्दरांकडील दोरीचा कारभार खालसा करोन न्यायाधीशांस चहा पाजण्याची कामगिरी त्यांजकडे नामजाद जाहली. भगिनी परतल्याचा मजकूर या लिहिणारापाशी नाही. जेवणाची ताटे झाकोन ठेविली होती, आणि फोन दोघींचेही व्यग्र लागत नव्हते. कारण ज्यांच्याशी बोलावयाचे होते, त्या शेजारीच बसल्या होत्या.