नानांच्या उशाशी कोण होतं?

"अर्ध्या तासाचं काम! कागद भरला, शिक्का मारला, संपलं!" असं म्हणत थोरल्यांनी स्कूटरला किक मारली.

थोरले म्हणजे नानांचे मोठे चिरंजीव. नाना घरीच वारले, त्याला आज एकविसावा दिवस. मृत्यूची नोंद करायची मुदत आज संपत होती आणि उद्यापासून त्याच कागदासाठी दंड भरून खेटे घालावे लागणार होते. पण थोरले निर्धास्त! भेटायला येईल त्याला त्यांनी एकच हकिकत ऐकवली होती: नानांनी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि प्राण सोडला. ऐकणारे रडून रडून बेजार झाले होते.

नगरपालिकेत नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "मृत्यू किती वाजता?"

"सकाळी सात!"

"संध्याकाळी सहा!" मागून आवाज आला. धाकटे बंधू! दादाच्या भरवशावर काही सोडायचं नाही म्हणून तेही येऊन उभे होते. "सहा वाजता नानांचं डोकं माझ्या मांडीवर होतं."

"माझ्या!"

"माझ्या!"

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "डोकं एकच होतं ना?"

सकाळी सातला थोरले घरी असत, संध्याकाळी सहाला धाकटे. बापाच्या मरणाची वेळ दोघांनी आपापल्या सवडीने ठरवली होती.

"डॉक्टरांच्या चिठ्ठीत अकरा चाळीस लिहिलंय," बाई म्हणाल्या. "त्या वेळी जो हजर होता, त्यानेच सही करायची. खोटं लिहिलंत तर पोलीस केस होते, सांगून ठेवते!"

पोलीस म्हटल्याबरोबर दोन्ही मांड्या रिकाम्या झाल्या. थोरल्यांना ऑफिसातली मीटिंग आठवली, धाकट्यांना दुखरी दाढ.

"मग होतं कोण?"

थोरल्यांनी घाईघाईने बायकोला फोन लावला.

"मी भाजी आणायला गेले होते," ती म्हणाली. "घरात आपला नेहमीचा प्लंबर होता, त्यानेच डॉक्टरला बोलावलं. सांगितलं होतं की तुम्हाला! तुम्हीच म्हणालात, चारचौघांत बोलू नकोस!"

दीड वाजला होता. दोनला खिडकी बंद! थोरले सुसाट सुटले आणि कुणाच्या तरी मोरीत ओणवा झालेला प्लंबर शोधून काढला. आजवर ज्याला 'ए, इकडे ये' म्हटलं, त्याच्यापुढे ते हात जोडून उभे राहिले. "अहो, जरा चला ना!"

दोनला दहा मिनिटं कमी असताना प्लंबर ओल्या हातांनी खिडकीशी पोचला.

"मयताशी नातं?" बाईंनी विचारलं.

"नातं कसलं बाई? नळ दुरुस्तीला जायचो. आठवड्यातून दोनदा."

"इतका बिघडायचा नळ?"

"नळाला काय धाड भरलीय! दोन वर्षांत एकदा वायसर बदलला. नाना फोन करायचे, मी जायचो. बसायचो बोलत."

धाकटे भिंतीवरची सूचना मन लावून वाचू लागले.

"मयताच्या आईचं नाव?" हे बाईंनी थोरल्यांना विचारलं.

"आजीचं? आम्ही... आजीच म्हणायचो."

नाव प्लंबरने सांगितलं, माहेरच्या आडनावासकट! जन्मतारीखही त्यानेच सांगितली. आजार विचारल्यावर म्हणाला, "गुडघे. आणि उजव्या कानाने ऐकू यायचं नाही, म्हणून मी डावीकडे बसायचो."

उजव्या कानाचं थोरल्यांना आजच कळत होतं. त्यांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. न राहवून त्यांनी विचारलं, "शेवटी... काही बोलले का?"

"हो. म्हणाले, चहा घेतल्याशिवाय जाऊ नकोस."

प्लंबरने सही केली. शिक्का मारायला आतले मोठे साहेब बाहेर आले. त्यांनी घाईघाईत अर्ज वाचला, नात्याचा रकाना तेवढा नजरेतून सुटला, आणि प्लंबरच्या खांद्यावर हात ठेवला.

"इतकं सगळं बारीकसारीक लक्षात ठेवणारा मुलगा हल्ली कुठे बघायला मिळतो? नशीबवान होते तुमचे वडील!" मग ते थोरल्यांकडे वळले. "आणि आपण कोण?"

थोरल्यांनी एकदा धाकट्यांकडे पाहिलं, एकदा शिक्क्याकडे.

"मी... यांना स्कूटरवरून घेऊन आलो."