सुलतानाच्या नावाचे मुरमुरे

सांगून ठेवतो, आख्ख्या ब्रह्मपुरीत मुरमुऱ्याचं पेटंट कोणाले भेटन, तर या नूर मोहम्मदलेच! मोहल्लाभर मी असं सांगत फिरलो होतो.

बायको सुलताना वारली, पोरगा फैज नोकरीसाठी पुण्याले गेला. घरात बोलाले उरली एकटी मुरमुऱ्याची भट्टी. मंग काय! मिठाचं पाणी थोडं कमी कर, रेती थोडी जास्त तापव, असं करता करता एक दिवस सारेच्या सारे दाणे फुलले! नाव देलं 'सुलताना पद्धत'. ते नाव सरकारी कागदावर चढावं, एवढंच पाहिजे होतं मले.

पेटंटच्या अर्जाची सुनावणी मोबाइलवर होती. शेजारच्या नीलाबाईनं फोन भट्टीजवळच्या डब्याले टेकवून देला.

"नूर मोहम्मदजी," पेटंटवाले साहेब म्हणाले, "मुरमुरे सगळेच असे भाजतात. पाणी, ताप कमी-जास्त करून पाहणं कोणत्याही कारागिराला सुचेल."

"मंग कोणाले सुचलं काऊन नाई?"

"सुचलं असतं, असं कायदा म्हणतो. त्यातून काही अनपेक्षित घडलं असेल, तर सांगा."

"घडलं ना साहेब! दाखवतोच!"

कोणी सांगितली होती मस्ती? जाळ वाढवला, तांदूळ टाकले. तडतड तडतड! मी झारा फिरवाले गेलो, डब्याले कोपर लागला, अन् फोन सरळ कढईत!

"अवो भाऊ, साहेब भाजले!" नीलाबाई बोंबलली.

मी चाळणी मारली. मुरमुऱ्याच्या ढिगातून साहेब बोलूनच राह्यले होते, "हॅलो? नक्की काय घडलं?"

फोन फडक्यात धरला, अन् माह्या तोंडून निघूनच गेलं. "साहेब, त्या दिवशी सारे दाणे फुलले, तवा मी आत आवाज देला, सुलताना, पाह्य वो! तिले जाऊन दोन वर्षं झाली, अन् मी उत्तराची वाट पाहत उभा."

साहेबाचा आवाज नरम झाला.

"नूरभाई, हे कायद्यात बसत नाही हो. अर्ज नामंजूर करावा लागेल."

"करा साहेब. पण पुढची तारीख तरी द्या! इतका वेळ माह्याशी कोणी बोलत नाई."

उत्तर येईना. मी आपला "साहेब, साहेब" करून राह्यलो.

"भाऊ, फोन मेला तुमचा," नीलाबाई हळूच म्हणाली. मंग तिनं मूठभर मुरमुरे तोंडात टाकले, चावले, अन् माह्याकडं पाह्यलं.

"मीठ कमी हाय. सुलतानाभाभी जास्त टाके."