मूठभर कणकेचा संशय

"कणीक? कच्ची?" रामीबाईंनी तव्यावरची पोळी तशीच सोडून विचारले.

"कच्ची. मूठभर. मऊ भिजवून पायजे म्हनतेत," बाबुलालजी दबक्या आवाजात उत्तरले आणि स्वयंपाकघराचे दार त्यांनी आतून लोटून घेतले.

बाबुलालजींनी एसटीमध्ये एकतीस वर्षे कंडक्टरची नोकरी इमानाने केली होती. त्या प्रदीर्घ सेवेचा परिणाम असा झाला होता की, समोर आलेल्या प्रत्येक मनुष्याकडे तिकीट नाही असे समजूनच ते प्रथमतः त्याच्याकडे पाहत असत. निवृत्तीनंतर बोरी अरबजवळच्या आपल्या बंजारा तांड्यावर ते परतले, परंतु ती दृष्टी काही निवृत्त झाली नाही.

आजचा दिवस त्या कुटुंबाच्या आयुष्यात असाधारण होता. त्यांची कन्या ममता ही चार वर्षांपासून दर शनिवारी व रविवारी यवतमाळला विमलताईंकडे ध्रुपद गायकी शिकत होती. त्याच विमलताई आज प्रथमच तांड्यावर आल्या होत्या. सायंकाळी सहा वाजता घरच्या बैठकीत, आपल्या माणसांसमक्ष, ममता गाणार होती. ते गाणे मनास आले तर विमलताई तिच्या मनगटावर गंडा बांधणार होत्या, म्हणजे शिष्या म्हणून तिचा विधिपूर्वक स्वीकार करणार होत्या आणि पुढील शिक्षणासाठी तिला आपल्या घरी ठेवून घेणार होत्या. तांड्यावरून अशा विद्येसाठी आजवर कोणीही गेलेले नव्हते.

"मी तं पयल्याच झटक्यात समजलो होतो," आत कोपऱ्यात पाटावर बसलेले देवसिंगभाऊ म्हणाले. हे बाबुलालजींचे चुलतबंधू. वयाने दोन वर्षांनी वडील व संशयाने वीस वर्षांनी.

"काय समजला, भिया?"

"विमलताईनं आपल्या घरचं पानी घेतलं काय?"

बाबुलालजींनी आठवून पाहिले. पाणी दिले असता विमलताई हसून "नको हो" म्हणाल्या होत्या आणि पिशवीतून स्वतःचा थर्मास काढून त्यातले घोटभर पाणी प्याल्या होत्या.

"नाई घेतलं."

"जेवाले बसा म्हनलं, तं काय म्हनल्या?"

"गाण्याच्या आधी मी जेवत नसते, म्हनल्या."

"त्या गाऊन राह्यल्या का पोरगी गाऊन राह्यली?" देवसिंगभाऊंनी मिशीवरून हात फिरवला. "आन आता हा दुसरा मानूस कच्ची कणीक मागते. बाबुलाल, या लोकायले आपल्या हातचं चालत नाही. पीठ आपलं घेतीन, भाजतीन सोताच."

हा दुसरा मनुष्य म्हणजे राळेगावकडचे पुंडलिकराव. कपाशीची व तुरीची शेती सांभाळून ते विमलताईंच्या साथीला येत असत. सडपातळ बांध्याचे, अत्यंत अल्पभाषी असे हे गृहस्थ ओसरीलगतच्या खोलीत विश्रांती घेत पडले होते. त्यांच्याजवळ गोलसर, लांबट असे एक भले मोठे गाठोडे जाड खोळीत बांधलेले होते.

"पण थे तं साथीले वाजवनारे होत," बाबुलालजींनी शंका काढली.

"तबले किती असतेत?"

"दोन."

"गाठोडे किती हायेत?"

"एक."

"मंग?" देवसिंगभाऊ पुढे झुकले. "त्यात भांडी हायेत."

रामीबाई थोरल्या दिरांशी थेट बोलत नसत. म्हणून डोईवरची ओढणी पुढे ओढून त्या परातीशी बोलल्या, "मूठभर कणकेत किती पोया होतीन? एक. दोघायले एक पोई कशी पुरन?"

"सोवळं एकाचंच असन," देवसिंगभाऊंनी परातीला उत्तर दिले.

तथापि बाबुलालजी हे न्यायी होते. पुराव्यावाचून त्यांनी एकाही प्रवाशाला कधी खाली उतरवले नव्हते. त्यांनी परीक्षा घेण्याचे ठरवले. रामीबाईंकडून एक गरम पोळी घेऊन तिच्यावर सढळ हाताने तूप सोडले आणि ती ताटलीत घालून ते पुंडलिकरावांपुढे उभे राहिले.

"घ्या जी. गरम हाय."

पुंडलिकराव उठून बसले. पोळीचा वास त्यांना आवडल्याचे स्पष्ट दिसत होते. परंतु त्यांनी हात मागे घेतला. "वाऽ, काय सुगरन हाय बाई! पन आता नोको. हात तुपाचे होतीन. मंग खाईन ना जी. आता मले कच्चीच पायजे."

"कच्चीच?"

"हो. आन तेवढा बैठकीतला पंखा बंद करा बरं. हवेनं लवकर सुकते."

बाबुलालजी ताटली घेऊन परतले. त्यांचा चेहरा पाहूनच देवसिंगभाऊंना सर्व उमगले.

"पंखा कायले बंद करा म्हनते?"

"हवा नोको म्हनते."

"चूल पेटवाची असन!"

"अजून एक पायलं म्या," बाबुलालजी कष्टाने म्हणाले. "त्यायच्या पिशवीत हातोडी हाय."

"कोयसा फोडाले," देवसिंगभाऊ तत्काळ म्हणाले.

आता बाबुलालजींच्या मनात तिळमात्र किंतु उरला नाही. नोकरीच्या काळात कोण आपल्या हातून सुटे घेताना बोटे आखडते, हे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. ते त्यांनी गिळले होते. परंतु ज्या घरात आपली लेक राहायला जायची, त्याच घरच्या माणसाने आपल्या घरचा घास नाकारावा, हे त्यांना गिळता येईना.

"ममतेले विचारून पाहा," असे ते रामीबाईंना म्हणाले.

ममता विमलताईंसह आतल्या खोलीत तानपुरा लावत बसली होती. रामीबाईंनी दार किलकिले करून, विमलताईंचे लक्ष तारांत आहे हे पाहून, हलकेच विचारले, "छोरी, हे लोक आपल्या इथं जेवत नाहीत काय वं?" ममतेने आईकडे पाहिले, ओठांवर बोट ठेवले आणि पुन्हा डोळे मिटले. गाणे होईपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही, अशी विमलताईंची तिला सक्त ताकीद होती. ही गोष्ट रामीबाईंना ज्ञात नसल्यामुळे त्या स्वयंपाकघरात परतल्या त्या डोळ्यांना ओढणी लावूनच.

"पोरीले ठाऊक हाय," त्या परातीला म्हणाल्या. "चूप राह्य म्हनते मले. आपल्यापासून लपवून राह्यली माय माझी."

यानंतर त्या स्वाभिमानी स्त्रीने जे केले, ते यथायोग्यच म्हणावे लागेल. गव्हाची कणीक परातीत भिजवलेली असताना तिच्यावर त्यांनी कापड झाकले, डबा उघडला आणि ज्वारीचे पीठ काढले.

"जवारीचं देतो," त्या म्हणाल्या. "भाकर थापाले हात लागते. पाहू बरं कसा थापते थो."

देवसिंगभाऊंनी आयुष्यात प्रथमच परातीकडे आदराने पाहिले.

झाकलेल्या वाटीतून तो गोळा पुंडलिकरावांकडे पोहोचला. त्यांनी झाकण काढले, गोळा चिमटीत दाबला, बाबुलालजींच्या मुद्रेकडे एकवार पाहिले आणि काही बोलण्यासाठी उघडलेले तोंड पुन्हा मिटले. "चालंन," एवढेच ते म्हणाले. बाबुलालजींनी तो शब्दही संशयाच्या खात्यावर टाकला आणि मनाशी एक वाक्य तयार करून ठेवले: 'ताई, आमच्या हातचं तुम्हाले चालत नाही, तं आमची पोरगी बी तुमच्या घरी राहनार नाही.' गाणे संपताच ते सर्वांसमक्ष उच्चारायचे, असा त्यांचा निश्चय झाला.

सहा वाजता बैठक भरली. पंखा बंद असल्यामुळे तांड्यावरील सुमारे तीस स्त्रीपुरुष वह्यांच्या पुठ्ठ्यांनी वारा घेत होते. बाबुलालजी खोलीच्या दाराशीच उभे राहिले होते, की धूर दिसताच पकडावे. प्रत्यक्षात पुंडलिकराव धुराविनाच बाहेर आले आणि खोळीतले ते गाठोडे त्यांनी विमलताईंच्या उजव्या बाजूस ठेवले. वरती शाल पांघरलेली होती.

ममतेने यमन रागाची आलापी आरंभली. सुरुवातीस तिचा आवाज किंचित थरथरला, परंतु लवकरच स्थिरावला. विमलताईंनी डोळे मिटले. माणसांच्या हातातले पुठ्ठेही थांबले. लेकीचे ते गाणे ऐकून बाबुलालजींना मनातले वाक्य दोनदा विसरायला झाले आणि दोनदा त्यांनी ते निर्धाराने आठवले.

आलापी संपली. चौताल या तालातील बंदिश सुरू होणार, इतक्यात पुंडलिकरावांनी शाल दूर सारली आणि खोळ उतरवली. आतून लाकडाचा, दोन तोंडांचा मोठा पखवाज निघाला. त्याच्या डाव्या तोंडावर मध्यभागी ज्वारीचा तो गोळा भाकरीसारखा थापून बसवलेला होता.

"बाबुलाल," देवसिंगभाऊ कुजबुजले, "थे भाकर ढोलावर काहून थापली?"

पुंडलिकरावांनी हातोडीने कातडी वादीखालच्या लाकडी गट्ट्यांवर चार नाजूक ठोके दिले, म्हणजे कोळशाचाही प्रश्न मिटला. नंतर ममतेने समेवर पहिला शब्द टाकला आणि पुंडलिकरावांचा डावा पंजा त्या गोळ्यावर पडला.

ज्वारीला चिकटून राहणे माहीत नाही. पहिल्या थापेला गोळ्यास भेग पडली. दुसऱ्या थापेला कडा सुटल्या. तिसऱ्या आवर्तनात पुंडलिकरावांनी पूर्ण ताकदीनिशी थाप मारली, तेव्हा तो गोळा अनेक तुकड्यांनी सभेत पसरला. सर्वांत मोठा तुकडा देवसिंगभाऊंच्या मिशीवर विसावला. पखवाजाचा गंभीर नाद नाहीसा होऊन डाव्या बाजूने रिकाम्या डब्यासारखा आवाज येऊ लागला.

कोणीतरी पोरीबाळींमध्ये हसले. विमलताईंनी डोळे उघडले. बाबुलालजींच्या लक्षात सगळे एकदम आले. आपणच आपल्या लेकीच्या गाण्याच्या मुळावर उठलो! ते स्वयंपाकघराकडे धावले.

"रामी! गहू! गहू दे! थे ढोलाले पायजे होतं!"

"ढोलाले?"

"ढोलाले जेवू घालतेत हे लोक! आन लवकर!"

रामीबाईंनी विचारात क्षणही दवडला नाही. परात उचलून त्या भर बैठकीत आल्या. तोवर ममता थांबलेली नव्हती. साथ अर्धी झाली होती, समोरच्या चुलत्यांच्या मिशीवर पीठ होते, आई परात घेऊन येत होती. परंतु मांडीवर हाताने टाळी देत ती पुढची ओळ गात राहिली आणि नेमकी समेवर उतरली. पुंडलिकराव एका उजव्या हातानेच तिला सोबत करत होते. रामीबाईंनी मऊ कणकेचा गोळा तोडला, सराईतपणे गोल केला आणि पखवाजाला विचारले, "किती मोठी लावू?"

"हातभर नोको माय, पुरीएवढी," पुंडलिकराव म्हणाले.

पुढच्या समेला पखवाज असा घुमला की स्वयंपाकघरातल्या ताकाच्या भांड्यावरचे झाकणही म्हणे वाजले.

गाणे संपले. बाबुलालजी हात जोडून पुढे झाले. मनात ठेवलेले वाक्य केव्हाच पळून गेले होते. "ताई, चुकी माझी हाय. आमचा नंगारा जाळावर तापवला का झालं. ढोलाले कणीक लागते हे आम्हाले ठाऊक नव्हतं. मले वाटलं, आमच्या हातचं तुम्हाले चालत नाही."

"अहो, गाण्याआधी गार पाणी प्याले तर गळा बसतो. म्हणून थर्मासमध्ये कोमट पाणी," विमलताई चकित होऊन म्हणाल्या. "आणि ममताच्या नंतर मलाही गायचंय, मग पोटभर जेवून कशी गाऊ?"

पुंडलिकरावांनी खालमानेने कबुली दिली. "मले जवारी हाताले लागल्यावर समजलीच होती जी. पन वाटलं, यायच्यात दिवेलागणीले गव्हाची कच्ची कणीक पाव्हन्याले देत नसतीन. नाईतं पोरगीच पाठवाची नसन, म्हनून इशारा देऊन राह्यले. मंग म्या चूप बसलो."

"म्हंजे तुमाले बी संशय!" देवसिंगभाऊ मिशी झाडत म्हणाले. त्यांना मनापासून समाधान वाटले.

विमलताईंनी पर्समधून गंडा काढला. "साथ सुटली तरी पोरीने लय सोडली नाही," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे हे शिकवायला वर्ष लागतं. इथे घरच्यांनी एका संध्याकाळी शिकवलं." आणि त्यांनी ममतेच्या मनगटावर गंडा बांधला. नंतर त्या स्वतः दोन बंदिशी गायल्या आणि मग सर्वांसमवेत पंगतीत बसल्या. पुंडलिकरावांनी तुपाच्या पाच पोळ्या खाल्ल्या.

आठ दिवसांनी ममता यवतमाळला विमलताईंच्या घरी राहायला गेली. पोहोचवायला दोघेही आईबाप होते. चहा झाला, पाया पडणे झाले. निघताना रामीबाईंनी बाहेरून एक जड पिशवी ओढत आणून दारात ठेवली. तीत दहा किलो गव्हाचे पीठ व भाकरीसाठी पाच किलो ज्वारीचे पीठ होते. चार दिवस खपून त्यांनी ते निगुतीने चाळून घेतले होते. लेकीच्या घरी आता पखवाज कधीही येऊ शकतो, तेव्हा पखवाजाला वा माणसांना पिठाची उणीव पडू नये, एवढाच त्यांचा हेतू होता.

विमलताईंनी पिशवीकडे पाहिले. मग रामीबाईंकडे पाहिले. त्यांच्या कपाळावर एक बारीकशी आठी उमटली.

"का हो," त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या घरचं चालत नाही का तुमच्या मुलीला?"