दोन तास उशीर आणि एक अधीक्षक बेपत्ता

बर्फ पडल्यावर शाळा वेळेवर उघडायची, उशिरा उघडायची की बंदच ठेवायची, हे ठरवणं म्हणजे अंदाजपंचे काम नव्हे. ते साधं गणित आहे! हे मी शाळा मंडळाच्या सभेत टेबलावर हात आपटून सांगितलं होतं. सभा ऑगस्टमध्ये होती आणि मी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला होता. ऑगस्टमध्ये बर्फाबद्दल बोलायला फारसं धैर्य लागत नाही.

मी वेंडेल हाकाला. टॅमरॅक बे गावच्या हायस्कुलात एकोणीस वर्षं गणित शिकवलं आणि त्या उन्हाळ्यात गावातल्या तिन्ही शाळांचा अधीक्षक झालो. चारशे बारा मुलं, नऊ बसगाड्या आणि वर्षातले सहा महिने सरोवरावरून येणारा बर्फ, असा सगळा संसार. माझ्या आधीचे अधीक्षक पहाटे पायजम्यावर अंगणात यायचे आणि एक पाय बर्फात खुपसायचे. घोट्यापर्यंत गेला तर शाळा वेळेवर, गुडघ्यापर्यंत गेला तर दोन तास उशीर, त्याच्या वर गेला तर सुट्टी. म्हणजे बावीस वर्षं अख्ख्या गावातल्या मुलांचं शिक्षण एका माणसाच्या तंगडीवर अवलंबून! आणि माणूस चांगला सहा फूट चार इंच!

मी तक्ता केला. बर्फ किती, वारा किती, थंडी किती, रस्ते कसे, प्रत्येकाला गुण. दहाच्या वर गुण झाले की दोन तास उशीर, पंधराच्या वर गेले की शाळा बंद. निर्णय पहाटे पाचला. शिवाय फोनची नवी यंत्रणा बसवून घेतली. मी एक नंबर लावायचा, निरोप बोलायचा, फोन बंद झाला की तोच निरोप माझ्याच आवाजात तीनशे घरांमध्ये वाजणार. 'निरोप पुन्हा ऐका, खात्री करा, बटण दाबा' ही भानगड मी आवर्जून काढून टाकायला लावली. तेवढाच वेळ वाचतो!

तक्ता आधी आर्लीनबाईंना दाखवला. बसगाड्यांचा सगळा कारभार त्यांच्याकडे. मी पहिलीत होतो तेव्हा माझी बस त्याच चालवायच्या. त्यामुळे मी अधीक्षक झालो तरी माझ्याशी बोलताना त्यांचा सूर 'हात खिडकीच्या आत घे' असाच असतो.

"छान काढलायस," त्या म्हणाल्या. "पण यात बासवुड रस्त्याची चढण कुठेय?"

"ती 'रस्ते' या रकान्यात आली, आर्लीनबाई."

"वेंडेल, ती चढण रकान्यात मावत नाही."

मी हसलो. गणित न शिकलेली माणसं असंच बोलतात, असं मनात म्हटलं.

जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी वादळ आलं. पहाटे पावणेचारला मी अंगणात पट्टी घेऊन उभा होतो. चौदा इंच! वारा पडलेला, थंडी कडक. बारा गुण झाले, म्हणजे दोन तास उशीर. तेवढ्यावर घरात जाऊन कॉफी प्यायलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण रस्त्यांचे गुण मी अंदाजाने दिले होते आणि अंदाज तर मला चालत नव्हता ना!

"रस्ते बघून येतो," मी लोइसला, म्हणजे बायकोला, म्हणालो.

"बर्फ सारणारी गाडी अजून आली नाही," ती पांघरुणातूनच म्हणाली.

"म्हणूनच तर बघायचेत!"

बासवुड रस्ता हा आमचा सगळ्यात लांबचा मार्ग. त्याच्या टोकाला सारवेलांच्या दोन मुली राहतात, ग्रेटा आणि ऑडी, दहा वर्षांच्या जुळ्या. आई रात्रपाळीची नर्स. सकाळी मुली आपल्या आपण आवरतात आणि अंधारातच थांब्यावर येऊन उभ्या राहतात. निरोप वेळेवर गेला नाही तर त्या दोघी त्या थंडीत दोन तास उभ्या राहणार. ते काही मला चालणार नव्हतं.

पाचला पाच मिनिटं कमी होती. चढण लागली. फोन समोर अडकवलेला. मी नंबर लावला आणि भारदस्त आवाजात सुरू केलं, "नमस्कार! मी अधीक्षक वेंडेल हाकाला बोलतोय. आज आपल्या सर्व शाळा दोन तास उशिरा..."

आणि गाडी मागे जायला लागली.

चढणीवर गाडी मागे जाते तेव्हा ती आधी विचार करते, मग हळूच निघते आणि मग तिला मजा यायला लागते! मी ब्रेक दाबला, तशी ती आडवी झाली. मी ओरडलो. सावकाश, अगदी म्हशीने डबक्यात बसावं तशी ती रस्त्याकडेच्या खड्ड्यात बसली. मला खरचटलंसुद्धा नाही. फोन मात्र निसटून पायाशी कुठेतरी पडला. मी स्वतःशी चार शब्द बोललो, दार ढकलून बाहेर पडायला पाय टेकला, आणि नेमका फोनवर बूट पडला. फोनचा पार चुरा!

झालं! निरोप अर्धाच बोललो होतो, म्हणजे तो गेला नसणार, असं मी गृहीत धरलं. सव्वासहाला त्या मुली थांब्यावर येणार. त्यांचं घर तिथून मैलभर पुढे, बाकी जवळपास कुणीच नाही. मी टोपी कानावर ओढली आणि चालायला लागलो.

रात्रीच्या वाऱ्याने लोटून ठेवलेल्या कमरेएवढ्या बर्फात मैलभर! दर दहा पावलांनी एक बूट आतच राहायचा आणि मग त्याच्यासाठी परत वाकायचं. मिशांचा ब्रश झाला. दोन तासांनी सारवेलांच्या दारावर थाप मारली तेव्हा माझ्या पापण्या एकमेकींना चिकटल्या होत्या.

दार ग्रेटाने उघडलं. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ऑडी!" ती आत बघून ओरडली. "हाकाला सर आलेत! ते मेले नाहीत!"

"मी कशाला मरू?"

"सगळे म्हणतायत. तुम्हीच तर फोन केला होता."

मुलींनी मला शेगडीपाशी बसवलं, ओटची गरम लापशी दिली आणि घरातल्या फोनवर आलेला निरोप ऐकवला. तो असा होता:

"नमस्कार! मी अधीक्षक वेंडेल हाकाला बोलतोय. आज आपल्या सर्व शाळा दोन तास उशिरा... अरे! अरे, अरे, अरे! गेलो! गेलो!" मग धप्प असा आवाज. मग बराच वेळ शांतता. मग अगदी खोल गेलेला माझा आवाज, "संपलं सगळं. आज कुणी घराबाहेर पडायलाच नको होतं." आणि शेवटी, कडाड!

"तो कडाड तुमच्या मानेचा होता ना?" ऑडीने विचारलं.

"फोनचा होता."

"अच्छा," ती म्हणाली. आवाजात किंचित निराशा होती.

तीनशे घरांत हे वाजलं होतं! निम्म्या गावाने 'दोन तास उशीर' धरलं, निम्म्याने 'बाहेर पडू नका' धरलं, आणि मी गेलो यावर मात्र सगळ्या गावाचं एकमत झालं होतं.

मी लोइसला फोन लावला. पलीकडे पंधरा-वीस बायकांचा गलका.

"लोइस, मी बोलतोय."

ती ढसाढसा रडली. मग म्हणाली, "कुठे आहेस?" मग, "लागलं का?" आणि 'नाही' म्हटल्याबरोबर, "रस्ते बघायला जातोय म्हणे! तू गेलास म्हणून शेजारणी नूडल्सची सात भांडी घेऊन आल्यात! सात! आता काय सांगू त्यांना?"

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. साखळ्या लावलेली सात नंबरची पिवळी बस अंगणात उभी होती आणि चालकाच्या जागेवर आर्लीनबाई. त्या आत आल्या, मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि खुर्चीत मटकन बसल्या. हातमोज्याने त्यांनी घाईघाईने डोळे पुसले. मी ते पाहिलं हे त्यांना कळलं, तशा त्या खेकसल्या, "खा ती लापशी!"

"तुम्हाला कसं कळलं मी इथे आहे?"

"तुझी गाडी रिकामी सापडली. बाकीचे सगळे म्हणाले, चक्कर येऊन सरोवराकडे भरकटला असणार. मी म्हटलं, तो मूर्ख आहे, पण तसा मूर्ख नाही. तो या पोरींकडेच गेला असणार."

माझ्या आयुष्यात माझी एवढी स्तुती कुणी केलेली नाही.

"आणि रस्ते कसे आहेत?" मी घसा साफ करून विचारलं. अधीक्षकाला विचारावंच लागतं.

"रस्ते? ज्याच्याकडे म्हणून बर्फ ढकलायचं काही आहे तो प्रत्येक जण तुला शोधायला बाहेर पडलाय. त्रेचाळीस गाड्या! अख्ख्या पंचक्रोशीत एक रस्ता झाकलेला नाही. सरोवराचा धक्कासुद्धा साफ केला त्यांनी."

"म्हणजे उशिराची गरजच नाही! शाळा वेळेवर!"

"घड्याळ बघ. सव्वासात. तुझे मास्तर आणि बाया हातात बॅटऱ्या घेऊन जंगलात तुझ्या नावाने ओरडतायत. वर्गात कोण उभं राहणार?"

"मग बंद?"

"निम्मे आईबाप कामावर निघतील. पोरं नाश्ता शाळेतच करतात, तो आता कुठे करायचा? तुझ्या घरी, नूडल्स?"

मी लापशीच्या वाडग्याकडे पाहत गुण मोजायचा प्रयत्न केला. चाळीसच्या पुढे जात होते आणि तक्ता पंधराला संपत होता.

"तुमच्या मते काय करावं, आर्लीनबाई?"

"दहाला उघड, तुझेच ते दोन तास उशिरा. माणसांना मोजे बदलायला वेळ मिळेल."

मी पुन्हा तो नंबर लावला. "नमस्कार! मी अधीक्षक वेंडेल हाकाला..." एवढं म्हणतोय तोच ग्रेटाने माझी बाही ओढली. "सर, हा आवाज ऐकून लोक घाबरतील. त्यांना वाटेल, तुम्ही वरून बोलताय."

आर्लीनबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "आर्लीन बोलतेय. वेंडेल जिवंत आहे. शाळा दहाला." आणि ठेवून दिला. सात शब्द! एकाही घरातून शंका विचारायला फोन आला नाही.

दहाला चारशे बारापैकी चारशे नऊ मुलं हजर होती. ऊन असं पडलं होतं की बर्फाकडे बघवत नव्हतं. शिक्षकांचे आवाज बसले होते, त्यामुळे सगळे वर्ग अतिशय शांततेत पार पडले. दुपारी शाळा मंडळाच्या अध्यक्षांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं, जरा जास्त वेळ हात धरून ठेवला आणि म्हणाले की यापुढे रस्ते बघायचं काम आर्लीनबाईंकडे असावं, असं मंडळाला वाटतं. मी लगेच होकार दिला. तसंही मला कुणी विचारलं नव्हतं.

गुरुवारी चौथीच्या वर्गाने मला शुभेच्छांची पत्रं पाठवली. एकवीस पत्रं, रंगीत खडूंनी काढलेल्या चित्रांसकट. बहुतेकांनी माझी गाडी खड्ड्यात काढली होती. दोघांनी माझी कबरही काढली होती, फुलांसह. मी एकेक वाचत गेलो आणि मला खरंच भरून आलं. मग एक पत्र हातात आलं. नाव नव्हतं, पण अक्षर सुरेख होतं:

"प्रिय हाकाला सर, तुम्ही जिवंत सापडलात याचा आम्हाला फार आनंद झाला. पण तुम्ही जरा दुपारनंतर सापडला असतात तर बरं झालं असतं."